निळ्या रंगाला झालेला उशीर

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "मग आश्रम पाहिलात ना?" मी नाही म्हणते. त्यांचा चेहरा पडतो. वर्ध्याला जायचं आणि आश्रम पाहायचा नाही, म्हणजे मग केलं तरी काय? मी शर्ट पाहायला गेले होते. समुद्रपूर तालुक्यातल्या बायकांनी शिवलेले आणि जर्मनीत विकले जाणारे सुती शर्ट. हे सांगितलं की लोक आणखीच बुचकळ्यात पडतात.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गांत जर्मन शिकवत असे, अजूनही शिकवते. त्याच वर्षी गणपतीत आई गेली. त्याआधी कित्येक वर्षं वर्ग सुटला की मी सायकल दामटत घरी यायची, कारण तिच्या औषधाची वेळ व्हायची. ती गेल्यावरही काही दिवस मी तशीच घाईनं यायची, कुलूप काढायची आणि मग उंबऱ्यात उभी राहून आपण घाई कशासाठी केली ते आठवत बसायची. अशात एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, जर्मनीहून एक बाई येताहेत, विदर्भात हिंडायचंय, दुभाषी म्हणून जाल का? मी कुठलीही चौकशी न करता हो म्हटलं.

त्या बाईंचं नाव उर्सुला. उंच, पन्नाशीच्या, केस मुलासारखे कापलेले. आधी शाळेत शिकवत, मग चार मैत्रिणींना घेऊन त्यांनी दुकान काढलं. गरीब देशांतल्या माणसांनी केलेल्या वस्तू मधल्या दलालांना टाळून घ्यायच्या, करणाऱ्याला नीट मोबदला द्यायचा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून विकायच्या. त्यांच्यासारखी दुकानं तिकडे बऱ्याच गावांत निघाली होती म्हणे. या सगळ्याला तिचा एक आवडता शब्द होता. मी त्याचं भाषांतर 'रास्त भाव' असं केलं आणि पहिल्याच दिवशी पस्तावले. रास्त भाव म्हटलं की आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांपुढे रॉकेलची रांग उभी राहते.

वर्धा

आमची उतरायची सोय नालवाडीच्या बाजूला एका संस्थेच्या अतिथिगृहात होती. डिसेंबर होता. सकाळी थंडी इतकी, की उर्सुलासुद्धा शाल मागायची. दुपारी मात्र ऊन पाठीला चटका लावायचं.

माझी भाषा जर्मन की मराठी, असा प्रश्न मला पहिल्यांदा तिथं पडला. स्वयंपाकाच्या काकूंनी विचारलं, "भाजीत सांबार जास्त टाकू का?" मी घाईनं म्हटलं, "नको नको, साधीच भाजी करा, सांबार वगैरे नको." काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सांबार नाई? मंग चव कशी येईन?" जेवताना भाजी अगदीच अळणी-मिळमिळीत लागली. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "पाहा बाई, केवढा ताजा सांबार हाय, अन् तुमाले चालत नाई." याहून मोठा घोटाळा रात्री जेवताना झाला. "सकाऊन पोपटाची भाजी करतो," असं काकूंनी जाहीर केलं आणि मी, कामाला नवीन असल्यानं, ते शब्दाला शब्द जर्मनमध्ये सांगून टाकलं. उर्सुला शाकाहारी होती. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. सकाळी ताटात वालाच्या हिरव्या दाण्यांची उसळ आली तेव्हा कुठं आम्ही दोघी हसलो. दाण्यांना पोपट म्हणतात तिकडे.

त्या प्रवासात उर्सुलाबरोबर असं मोकळं हसणं पुन्हा फारसं झालं नाही. दुभाष्याचं काम मी आधी कधी केलं नव्हतं. त्यात एक गंमत अशी, की दिवसभर तुम्हीच बोलत असता, पण कुणी तुमच्याशी बोलत नसतं. मी बोलायला लागले की माणसं उर्सुलाकडे बघत, आणि ती बोलली की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत. दोन्ही बाजूंचं सगळं माझ्या तोंडून जायचं. संध्याकाळी खोलीत आल्यावर मला स्वतःचं म्हणून एक वाक्य सुचत नसे.

समुद्रपूरच्या वाटेवर

शिवणकेंद्र गिरडच्या अलीकडच्या एका लहान गावात होतं. तिथं जायला संस्थेची जीप होती, आणि बरोबर केंद्राचे व्यवस्थापक भाऊसाहेब डंभारे होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. केंद्र त्यांनी शून्यातून उभं केलं होतं आणि ते खरंही होतं. आधी त्या गावात बायकांना शेतमजुरीशिवाय दुसरं काम नव्हतं.

हिंगणघाटच्या रस्त्यानं कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. वर रचलेला कापूस गाडीपेक्षा रुंद. रस्त्याकडेच्या बाभळींना त्याचे पुंजके अडकलेले. दोन्हीकडे काळी जमीन, पांढरी बोंडं, मधे तुरीच्या ओळी आणि पोटाशी फडकं बांधून वेचणाऱ्या बायका. आमच्याकडे कुठंही उभं राहिलं की नजर एखाद्या डोंगराला जाऊन टेकते. इथं ती सुटते ती सुटतेच. पुण्याच्या माणसाला त्या सपाटीत आपण कुणीतरी विसरून ठेवलेल्या वस्तूसारखं वाटतं. निदान मला वाटलं.

"सध्या वेचणीचे दिवस," भाऊसाहेब म्हणाले. "बाई माणूस मिळणं कठीण. पण आपल्या केंद्रातली एकही बाई गैरहजर नसते. सांगा त्यांना." मी सांगितलं. उर्सुलानं कौतुकानं मान डोलावली.

केंद्रात

केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब शेड. भिंतीकडेनं पायमशिनी, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात कोळशाच्या इस्त्र्या. बायकांनी दाराशी रांगोळी काढली होती. उर्सुलाच्या कपाळाला कुंकू लागलं. माझी पाळी आली तेव्हा करंडा धरलेली मुलगी घुटमळली. माझ्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, केस पांढरे व्हायला लागलेले. शेवटी तिनंच विचारलं, "तुमाले लावू का?" मी कपाळ पुढं केलं.

सगळ्यांत पुढं पंचफुलाबाई होत्या. चाळिशीच्या, ठसठशीत, आवाज खणखणीत. केंद्रात भाऊसाहेबांच्या खालोखाल त्यांचा शब्द चाले. "या, बसा. दमल्या असान," म्हणत त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि माझी मुक्कामाची सोय आपल्या घरी असल्याचं सांगून टाकलं. उर्सुलासाठी भाऊसाहेबांच्या घरची खोली होती.

चहा आला. उर्सुलानं एक शर्ट हातात घेऊन कॉलर पाहिली, काजं पाहिली, मनापासून वाहवा केली. मी ती मराठीत पोचवली. बायका लाजल्या. मग काहीतरी किरकोळ आठवल्यासारखं उर्सुला म्हणाली, "फक्त एक सांगा त्यांना. मागच्या वर्षीच्या मालाला धुराचा वास होता. काही केल्या जाईना. आम्हाला धुऊन स्वस्तात विकावा लागला. शिवतात तिथं चूल पेटवू नका म्हणावं."

मी सांगितलं. चालू असलेल्या दोन-तीन मशिनी थांबल्या.

भाऊसाहेब हसले. "हो हो, चहाची चूल असते आमची. यंदा लक्ष ठेवू, सांगा त्यांना."

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "चुलीचा नोय तो धूर."

बोलणारी पंचविशीची, सावळी, बारीक चणीची बाई होती. इंदू मसराम. ती मशिनीवर नव्हती, मांडीवर शर्ट घेऊन बटणं लावत होती आणि सुई डाव्या हातात होती. ती उठून उभी राहिली तेव्हा तिच्या उजव्या हाताचा तळवा दिसला. कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं पुरती उघडत नव्हती.

"इंदे, खाली बस," पंचफुलाबाई म्हणाल्या.

इंदू बसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दौऱ्यात बोलताना सरळ माझ्या डोळ्यांत पाहणारी ती पहिली. "मागच्या साली माल धाडाची लई घाई होती. इकडे कापूस फुटला होता. बाया वेचाले पळतीन म्हून भाऊसाहेब दाराले बाहेरून कडी लावत. त्या दिवशी थे बटना आनाले हिंगणघाटले गेलते. इस्त्रीतला इस्तो चिंध्याइवर पडला. पेटल्या चिंध्या. आमी ओरडलो. गाव सारं वावरात, कोन आयकते?"

"मग?" हा प्रश्न उर्सुलाचा नव्हता, माझा होता.

"मंग काय. हातानं इझवला. शर्टाचे गठ्ठे बाजूलेच होते. थे जळले असते त आमच्याच अंगावर आलं असतं. धूर एवढा का कोनी कोनाले दिसे नाई. एक बुढी शेळ्या घेऊन चालली होती, तिनं कडी काढली."

उर्सुला माझ्याकडे बघत होती, काय चाललंय ते कळण्यासाठी. भाऊसाहेब माझ्या जवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्यातल्या आहात. घरातली गोष्ट घरात राहू द्या."

आपल्यातल्या. आई गेल्यापासून मला हा शब्द कुणी वापरला नव्हता. खोटं कशाला सांगू, ऐकून क्षणभर बरं वाटलं. मग मी उर्सुलाकडे वळले आणि इंदूनं सांगितलं ते, तिनं सांगितलं त्या क्रमानं, जर्मनमध्ये सांगितलं. कडी, इस्तो म्हणजे विस्तव, चिंध्या, शेळ्यावाली म्हातारी. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

उर्सुलानं विचारलं, "हे खरं आहे?"

"मी इथली नाही," मी म्हटलं. "मी ऐकलं ते तुम्हाला दिलं. पण त्या बाईचा हात पाहा."

ती उठली, दाराबाहेर गेली. मोठी लोखंडी कडी होती, दाराच्या बाहेरच्या अंगाला, वापरून वापरून चकचकीत झालेली. तिनं ती वर उचलली आणि सोडली. तो आवाज आत सगळ्यांनी ऐकला. परत येऊन ती माझ्याशी बोलली, पण आवाज इतका चढा होता की बायकांना सूर कळलाच असणार. "आमची गिऱ्हाइकं आमच्यावर विश्वास ठेवून दोन पैसे जास्त देतात. आम्ही अशा ठिकाणाहून माल घेऊ शकत नाही."

"काय म्हनते थे?" पंचफुलाबाईंनी मला विचारलं.

ते पोचवणंही माझंच काम होतं. मी पोचवलं.

पंचफुलाबाईंचा चेहरा लाल झाला. आधी त्या इंदूवर उखडल्या, "घे, झालं तुह्या मनासारखं!" आणि मग माझ्यावर. "अन् तुमी काऊन सांगतलं सारंच्या सारं? तुमी त जासान पुन्याले. आमच्या मशिनीवर धूळ बसन!"

भाऊसाहेब कोपऱ्यात रुमालानं मान पुसत उभे होते. ते कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "तारीख चुकली की पुढच्या वर्षी ऑर्डर नाही. वेचणीत बाया थांबत नाहीत. मग मी काय करायचं होतं, ते तरी कोणी सांगा." हेही मी उर्सुलाला सांगितलं.

तिला मैत्रिणींशी बोलायचं होतं आणि जर्मनीला फोन लागायचा तर नागपूरला जायला हवं होतं. त्याच दुपारी ती भाऊसाहेबांबरोबर जीपनं निघाली. मी पिशवी उचलली तर म्हणाली, "तुम्ही थांबा. तिथं इंग्रजीत भागेल." त्या वेळी तिला माझा आवाजही नको असावा. जीपची धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यात उभी होते. मागे वळले तर दारातल्या बायका आत गेल्या होत्या.

पंचफुलाबाईंचं घर

पुण्यात कुणी तुमच्यावर रागावलं की ते तुमच्याशी फार सभ्यपणे वागू लागतं. तिथं रागावलेलं माणूस तुम्हाला पोटभर जेवू घालतं आणि बोलत नाही.

पंचफुलाबाई विधवा होत्या. एक मुलगा होता, तो बल्लारपूरकडे कामाला. दोन खोल्या, सारवलेली जमीन, अंगणात तुराट्यांचा भारा. त्यांनी मला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार, असं वाढलं, "जेवा" म्हणाल्या आणि पाठ करून चुलीशी बसल्या. मी म्हटलं, "भाजी फार छान झालीय." चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला, तेवढंच. आंघोळीला पाणी तापवून ठेवलेलं असायचं, अंथरुणावर धुतलेली चादर असायची. कशातही कमतरता नव्हती. फक्त मी घरात आहे हे त्यांनी मान्य केलेलं नव्हतं.

केंद्र बंद होतं. बायका सकाळीच वेचायला जात. जाताना अंगणात मला पाहून त्यांचं बोलणं थांबे आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू झालेलं ऐकू येई. गावातल्या एकुलत्या चहाच्या टपरीवर गेले तर तिथले म्हातारे सरकून जागा देत आणि मग गप्प बसत. मी खेड्यात कधी राहिले नव्हते. भरल्या गावात इतकं एकटं राहता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेतं भरलेली, घरं भरलेली, आणि आपल्याशी बोलायला कुत्रंसुद्धा नाही. घरी निदान एकटं असण्याची सवय झाली होती.

गिरड

दुसऱ्या दिवशी इंदू आली. अंगणाच्या बाहेरूनच म्हणाली, "बाई, गिरडले येता का? बसून बसून जीव कदरला असन." तिच्याशीही गावात कुणी बोलत नव्हतं, हे मला वाटेत कळलं.

थोडं अंतर बसनं गेलो, मग टेकडी चढलो. वर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, आदिवासी, सगळे येतात. कुणी नारळ फोडत होतं, कुणी चादर चढवत होतं, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. वाटेवर जायफळाएवढे गोल गोल दगड पडलेले दिसतात. इंदूनं एक उचलून माझ्या हातावर ठेवला. बैलांवर गोण्या लादून दोन व्यापारी इथून चालले होते, त्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा गोण्यांमधला सगळा माल दगड झाला, अशी कथा आहे. व्यापारी रडत पाया पडले. मग बाबांनी झाडाचा सुका पाला गोण्यांत भरायला सांगितला आणि त्याचा पुन्हा माल झाला.

"म्हंजे माफ केलं?" मी विचारलं. माझ्याही तोंडी तिकडचं 'म्हंजे' आलं होतं.

"केलं ना. पन दगड काई परत घेतले नाई बाबानं. पडलेच हायेत अजून."

आम्ही पायऱ्यांवर बसून फल्ल्या खाल्ल्या. भुईमुगाच्या शेंगांना तिकडे फल्ली म्हणतात. ती डाव्या हातानं सोलत होती. मी हाताबद्दल विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मशीन आता जमत नाही, कापड सरकवायला उजवा हात लागतो. बटणं आणि काजं एवढंच. घरी आई आहे आणि एक मुलगी. घरी सगळे गोंडीत बोलतात.

"केंद्रात आली तवा मले मराठी बोलाची भीती वाटे," ती म्हणाली. "आधी मनात पलटवा लागे. मंग बोलेपर्यंत दुसरंच कोनी बोलून जाये. तुमचंबी तसंच होते ना? काल तुमी बोलत होत्या तवा मी तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. मले वाटलं, हे बाई मधातच सोडून देते का काय."

"सोडलं असतं तर?"

"त मी पुन्हा सांगतलं असतं." तिनं पदरातली टरफलं झटकली. खाली पांढरी वावरं होती, त्यांत ठिपक्यांएवढ्या बायका. "काम बंद करतीन का थे?"

"मला माहीत नाही, इंदू."

"मी सांगाले नोको होतं का?"

मी तिच्या हातातल्या शेंगा घेतल्या आणि सोलून दिल्या.

कडुनिंबाखाली

उर्सुला तिसऱ्या दिवशी परत आली ती जणू आजारातून उठून. शेडमध्ये ती गेलीच नाही. समोरच्या कडुनिंबाखाली सगळ्यांना बसायला सांगितलं, भाऊसाहेबांनाही. सांजेची वेळ होती, बायका वावरातून थेट आलेल्या, लुगड्यांना कापसाचे धागे चिकटलेले.

ती बोलणार तेवढ्यात पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. "आधी थे कडी काढा. मंग बोलू."

मी सांगायच्या आत उर्सुलाला ते कळलं असावं. तिनं भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब थोडा वेळ बसून राहिले, मग उठले, मशीन दुरुस्तीचा पेचकस आणला आणि दारापुढं उकिडवे बसून स्वतः एकेक स्क्रू काढू लागले. गंजले होते. बराच वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही आणि कुणी हसलंही नाही. कडी निघाली तेव्हा ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती जीपमध्ये नेऊन टाकली.

मग उर्सुला म्हणाली, "मी नागपूरहून मैत्रिणींशी बोलून आले. आणि मला तुम्हाला एक सांगायचंय. मागच्या वर्षी ऑर्डर उशिरा आली, म्हणून इथं घाई झाली. ती उशिरा का आली ते फोनवर बोलताना आम्हाला आठवलं. आमच्या सभेत रंग ठरेना. काहींना तपकिरी हवा होता, काहींना निळा. आम्ही पुन्हा पुन्हा भेटलो, वाद घातले, कॉफी प्यायलो. मीही त्यात होते. जहाजाची तारीख मात्र आम्ही पुढं ढकलली नाही."

मी हे मराठीत सांगितलं. मग इंदूनं विचारलं, "मंग कोनता ठरला?"

"निळा."

"निळ्यापायी?" मागून एक बाई म्हणाली. एवढंच. हे मी भाषांतरित केलं नाही, करावं लागलं नाही. उर्सुला खाली मातीकडे बघत होती.

पुढं ती म्हणाली की माल घेणं थांबवायचं नाही असं ठरलंय, पण इस्त्रीचं काम जबाबदार माणसाकडे हवं. त्या दिवशी इस्त्री कुणाकडे होती?

आता इंदू बोलेल असं मला वाटलं. ती गप्प राहिली. सगळ्याच गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्यावरून मला कळलं की हे सगळ्यांना माहीत आहे आणि वर्षभर कुणीही बोललेलं नाही.

"माह्या हाती होती," पंचफुलाबाई म्हणाल्या. उभ्याच होत्या त्या. "उभ्या उभ्या झोप लागली मले. दोन-तीन दिवसांची झोप नोयती झाली. इस्त्री कलंडली. हे पोरगी मधात पडली नसती त माहं लुगडं पेटलं असतं." त्यांचा खणखणीत आवाज एकदम बसला. "तिचा हात गेला, अन् मी परवा साऱ्यांसमोर तिलेच बोल्ली. सांगा, बाई. हेबी सांगा तिले. सारंच्या सारं."

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज कापला, आणि या वेळी सगळ्यांनी उर्सुलाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरचं बोलणं कामाचं होतं आणि बायकांनीच केलं. धुराच्या मालाचे पैसे कमी आले म्हणून बायकांची कापलेली मजुरी परत मिळावी, इंदूला मशिनीइतकीच मजुरी बटणांना मिळावी, हे उर्सुलानं कबूल केलं. तिकडे रंग ठरून ऑर्डर आली की मगच केंद्रात कापड यायचं, म्हणून तारखेचं पंचफुलाबाईंनी ठरवलं. "पोळ्याले कापड आलं पाह्यजे, दसऱ्याले काम सरलं पाह्यजे. दसऱ्यानंतर आमी कापसाच्या." पोळा म्हणजे काय ते मला जर्मनमध्ये सांगावं लागलं. बैलांचा सण, त्या दिवशी त्यांना काम नसतं, त्यांची पूजा करतात. उर्सुलानं विचारलं, "आणि कापड पोळ्यानंतर आलं तर?"

"त माल उशिरा येईन. तुमी तवर तपकिरी घाला," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि कडुनिंबाखाली पहिल्यांदा सगळ्या हसल्या. भाऊसाहेबसुद्धा.

परत

उर्सुला पुढं मद्रासला गेली, तिथं दुसरा दुभाषी होता. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले आणि जीप निघाली. पुढचं तिच्याकडून कळलं ते इतकंच. पहिल्या वर्षी कापड पोळ्याला पोचलं. त्यापुढच्या वर्षी उशीर झाला. बायका सरळ वावरात गेल्या, माल उशिरा निघाला, दुकानांत दोन महिने फळ्या रिकाम्या राहिल्या. काही दुकानदार चिडून दुसरीकडून घ्यायला लागले. बाकीचे थांबले. केंद्र चालू आहे, पहिल्यापेक्षा लहान.

मला हिंगणघाटला जाऊन गाडी धरायची होती. इंदू बसथांब्यापर्यंत आली. फार बोललो नाही आम्ही. "येजा," ती म्हणाली. "येईन," मी म्हटलं. मी पुन्हा गेलेले नाही.

बस सुटता सुटता पंचफुलाबाई चढल्या. त्यांना बाजारातून सुया आणायच्या होत्या. बसमध्ये जागा होती, तरी त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. समुद्रपूर गेलं. कापसाच्या गाड्यांमागे बस रेंगाळत होती.

"गाडी कवा पोचते पुन्याले?"

"उद्या."

"घ्यायले कोन येते ठेसनावर?"

"कुणी नाही. रिक्षानं जाते."

"घरी?"

मी नकारार्थी मान हलवली. "आई होती. गणपतीत गेली."

त्यांनी पहिल्यांदा वळून माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळ, गळा, केस, पायांतल्या वहाणा, सगळं. मग पिशवीत हात घालून शिदोरी काढली आणि काही न विचारता माझ्या मांडीवर ठेवली. अजून गरम होती.

"तुमी आमचं सारं तिले सांगतलं," त्या म्हणाल्या, "तिचं सारं आमाले सांगतलं. अन् तुमचं, बाई? थे कोनाले सांगता?"

बस हिंगणघाटच्या नाक्यावर वळत होती. मी सांगायला सुरुवात केली.